सर, तुमचा नंबर जाईल

मराठी मध्यमवर्गीय माणसाला रांगेत उभं राहायला शिकवावं लागत नाही. रांग दिसली की तो आधी शेवटी जाऊन उभा राहतो आणि मग पुढच्याला विचारतो, "कशाची आहे हो?" उत्तर काहीही आलं तरी फरक पडत नाही. तोवर त्याच्या मागे आणखी दोघं येऊन थांबलेली असतात, म्हणजे त्याचा नंबर लागलेला असतो. आणि लागलेला नंबर सोडायचा नसतो, हा संस्कार आपल्यावर शुभंकरोतीच्याही आधी झालेला आहे. तो किती खोल गेलाय हे गाडीचं बुकिंग रद्द करायला शोरूममध्ये गेलं की कळतं.

याची मुळं आमच्या वडिलांच्या पिढीत आहेत. त्या पिढीने आयुष्याचा बराच भाग नंबर लावण्यात आणि उरलेला तो येण्याची वाट बघण्यात घालवला. गॅसला नंबर, टेलिफोनला नंबर, स्कूटरला नंबर. बजाजची चेतक १९७२च्या सुमारास आली. कारखाना आकुर्डीत, म्हणजे पुण्याच्या माणसाला सायकलवरून जाऊन बाहेरून बघून येता येईल इतका जवळ. पण आत किती स्कूटर बनवायच्या हे दिल्लीने दिलेल्या परवान्यावर ठरायचं. मागणी वाढली म्हणून मनाला येईल तेवढा माल काढायची सोय नव्हती. त्यामुळे नंबर यायला वर्षानुवर्षं लागायची, कधी कधी तर दहा वर्षं. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर पाठवले तर स्कूटर लवकर मिळायची. त्या काळात भाच्यांना अमेरिकेला धाडण्यामागे उच्च शिक्षण हे एकच कारण नसायचं.

अशा काळात बुकिंग ही इस्टेट होती. लग्नाच्या बोलणीत 'मुलगा बँकेत आहे, स्वतःची खोली आहे, स्कूटरचा नंबर लागलेला आहे' असं सांगितलं जायचं आणि तिसऱ्या मुद्द्याला मुलीकडचे खुर्चीत पुढे सरकून बसायचे. ज्याला स्कूटर चालवता येत नव्हती तोही नंबर लावायचा, कारण गाडी हातात आली की ती ऑनने, म्हणजे किमतीवर जास्तीचे पैसे घेऊन, विकता यायची. रंगाबिंगाचा प्रश्नच नव्हता. आवडीचा रंग मागणं म्हणजे रेशनच्या दुकानात बासमती मागण्यासारखं होतं. जो येईल तो आपला आवडता.

पुढे मारुती आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात ठेवली. त्यांचा नंबर सोडतीत लागला होता. या गृहस्थांनी २०१० मध्ये निधन होईपर्यंत ती गाडी विकली नाही. लोक याला गाडीवरचं प्रेम म्हणतात. मला त्यात नंबर लागलेल्या माणसाची निष्ठा दिसते. नॅनोच्या वेळीही तेच. २००९च्या एप्रिलमध्ये दोन लाखांवर लोकांनी बुकिंग केलं, पहिल्या लाखभर गाड्या कुणाला मिळणार हे सोडतीने ठरलं आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांना सांगण्यात आलं की पैसे परत घ्या किंवा थांबा, थांबलात तर व्याज देऊ. रांगेत उभं राहण्याचे पैसे मिळतात हे ऐकून आमच्या वाड्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचे डोळे भरून आले होते. आयुष्यभर त्यांनी ते काम फुकट केलं होतं.

आता परवाने गेले, कोटे गेले, कारखाने हव्या तेवढ्या गाड्या बनवायला मोकळे झाले. तरी नंबर काही गेला नाही. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग ३० जुलै २०२२ रोजी सुरू झालं आणि पहिल्या मिनिटात २५ हजार, अर्ध्या तासात एक लाख गाड्या बुक झाल्या. एका मिनिटात २५ हजार लोकांनी मोबाइलवर बटण दाबलं. त्यातल्या निम्म्यांचे वडील शेजारी उभे राहून 'लागला का? लागला का?' विचारत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा काळ बदलल्याची पहिली खूण अशी दिसली की प्रत्येकाला मत होतं. बायकोला निळा रंग हवा होता. "तो नाही, त्याच्या अलीकडचा निळा." मुलाला सनरूफ हवं होतं. पुण्यात वर्षातले आठ महिने ऊन आणि चार महिने पाऊस असताना छताला भोक कशाला, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण हट्ट होता. आईला चढायला पायरी हवी होती. मला हाताने गिअर टाकायचा होता, कारण घरात माझ्या हातात एवढं तरी असावं असं वाटत होतं. मेहुण्यांना सहा एअरबॅग हव्या होत्या. गाडी आमची, पैसे आमचे, पण सुरक्षिततेची काळजी मेहुण्यांना.

शोरूममध्ये कळलं की हे सगळं मिळतं, फक्त एकत्र मिळत नाही. तो निळा रंग हवा असेल तर वरचा व्हेरिएंट घ्यावा लागतो. वरचा व्हेरिएंट घेतला की सनरूफ गळ्यात पडतं. सनरूफ हवं तर ऑटोमॅटिक, आणि ऑटोमॅटिक हवं तर बँक. कंपन्यांनी व्हेरिएंटची नावंही अशी ठेवली आहेत की दहावीच्या बीजगणितात नापास झालेल्या माणसाने गाडीच घेऊ नये. एक्स, एक्स प्लस, एक्स प्लस ओ, एक्स प्लस ओ ड्युअल टोन. समोरचा मुलगा टॅबवर बोट फिरवत बसला होता. टाय, हसरा चेहरा, वय माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त. अखेर त्याने एक जोडणी शोधून काढली. तोच निळा, आतली सीटं तपकिरी, गिअर हाताचा, सनरूफ आहे, पायरी ॲक्सेसरीजमध्ये. टॅबवरून मान वर करून तो आदराने म्हणाला, "सर, अशी ऑर्डर पूर्ण पुण्यात फक्त तुमचीच आहे."

पुण्याच्या माणसाला यापेक्षा मोठी लाच देता येत नाही.

मग फॉर्म आला. बुकिंगचा फॉर्म हा सावकाश बघण्याचा ऐवज आहे. पुढची बाजू अगदी प्रेमळ. मोठमोठे चौकोन, त्यात आपलं नाव, गाडीचं नाव, रंग, कोपऱ्यात डोंगरावरून धावणाऱ्या गाडीचं चित्र. गाडीत एक कुटुंब, सगळे हसताहेत, म्हणजे गाडी त्यांना मिळालेली आहे. मागच्या बाजूला फिकट राखाडी शाईत मुंगीएवढ्या अक्षरांच्या ओळी, आणि ही बाजू आपल्यासमोर येते ती खाली पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असताना. "सर, इथे, इथे आणि इथे." त्या ओळींचा सारांश असा. डिलिव्हरीची तारीख अंदाजे आहे. किंमत डिलिव्हरीच्या दिवशी जी असेल ती. रंग, रूप, सोयी आणि एकूणच गाडी पूर्वसूचना न देता बदलण्याचा किंवा बंद करण्याचा हक्क कंपनीकडे आहे. ग्राहकाने बुकिंग रद्द केल्यास रक्कम कापली जाईल. थोडक्यात, गाडी कोणती, कधी आणि केवढ्याला हे त्यांनी ठरवायचं आणि वचन मात्र आपण पाळायचं. वाद झाल्यास पुण्याच्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र. एवढी एकच अट वाचून मला बरं वाटलं, कारण तिथे पार्किंग कुठे मिळतं ते मला माहीत आहे.

सही झाल्यावर ॲक्सेसरीजवाल्या मॅडम आल्या. मॅट, मड फ्लॅप, सीट कव्हर, गाडी झाकायचं कव्हर, दाराला लावायचे बीडिंग आणि डॅशबोर्डवर ठेवायचा गणपती. गाडी अजून जन्माला आलेली नव्हती, पण तिची अंगडीटोपडी बिलात आली. मग विम्यावाले आले, मग एक्स्टेंडेड वॉरंटीवाले, मग कर्जवाले. "सर, लोन नको असलं तरी एक फॉर्म भरून ठेवू या." चॉइस नंबरचंही विचारून झालं. मेहुण्यांनी फोनवरून सांगितलं की आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे.

शोरूममध्ये मधोमध एक पितळी घंटा टांगलेली होती. ज्याला गाडी मिळते तो ती वाजवतो. मग मखमली कापड ओढून काढतात, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात, चाकाखाली लिंबं ठेवतात आणि नारळ फुटतो. आमच्यासमोर एका कुटुंबाने ती घंटा वाजवली आणि सगळ्या स्टाफने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. त्यांची गाडी पांढरी होती. बायको माझ्या कानात म्हणाली, "सगळे आपले पांढरीच घेतात."

ते का, हे पुढे कळलं.

वाट बघण्याच्या काळात माणसाच्या शब्दसंग्रहात भर पडते. "सर, तुमची गाडी प्लॅनिंगमध्ये आहे." प्लॅनिंगमध्ये म्हणजे काय? "म्हणजे कंपनीने अजून बनवायला घेतलेली नाही." मग ती प्रॉडक्शनला जाते, तिथून डिस्पॅच, मग ट्रान्झिट, मग यार्ड, मग पीडीआय आणि शेवटी पासिंग. आमची गाडी यातल्या पहिल्या मुक्कामावरून हलली नाही. दर वेळी फोन केला की उत्तराला एक शेपूट असायचं, "पांढरी आहे सर. उद्या पासिंग करून देतो." पांढरी नेहमी असायची. 'अशी ऑर्डर फक्त तुमचीच आहे' हे वाक्यही अजून ऐकायला मिळत होतं, पण त्यातला आदर जाऊन आता तक्रार आली होती. गाव सोडून एकट्यानेच निळी मागायला कुणी सांगितलं होतं, असा त्याचा सूर.

त्यात १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा केली आणि देशभरातल्या बुकिंग केलेल्या माणसांचे पाय एकदम थबकले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले. चार मीटरपेक्षा छोट्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवर २८ टक्के अधिक उपकर होता, तिथे १८ टक्के. मोठ्या गाड्यांवर एकूण ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जायचं, तिथे सरळ ४०. अंमल २२ सप्टेंबरपासून. मधल्या दिवसांत गणपती आले आणि गेले. एरवी गणपतीत गाडी घरी आणायला धडपडणारे लोक 'बाप्पा पुढच्या वर्षीही येणार आहेत, सवलत नाही' असं म्हणून गप्प बसले. नंतर पितृपंधरवडा लागला. त्या पंधरवड्यात मराठी माणूस एरवीही गाडी घेत नाही, पण त्या वर्षी पितरांबरोबर अर्थमंत्रालयाचीही तीच इच्छा होती. सर्वपित्री अमावास्या २१ तारखेला आणि नवे दर २२ला, घटस्थापनेच्या दिवशी. सरकारी अधिसूचनेचा आणि पंचांगाचा एवढा चोख मेळ मी तरी याआधी पाहिलेला नाही.

घटस्थापनेपासून शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. घंटा दिवसभर वाजत होती. आणि त्याच गर्दीत मला फोन आला. "सर, एक अपडेट आहे. तुमचं कॉम्बिनेशन कंपनीने बंद केलं." त्या निळ्यात आता हाताचा गिअर मिळणार नव्हता. हाताच्या गिअरमध्ये तो निळा मिळणार नव्हता. तपकिरी सीटं कशातच मिळणार नव्हती. "मग माझ्या बुकिंगचं काय?" मी विचारलं. "ते ॲक्टिव्ह आहे ना, सर. तुमचा नंबर अजून पहिलाच आहे."

न बनणाऱ्या गाडीच्या रांगेत मी पहिला होतो. मागे कुणीच नव्हतं.

बुकिंग रद्द करायचं ठरवून मी शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. गाड्यांच्या दुकानात गाडीपेक्षा विक्रेता लवकर डिस्पॅच होतो. नव्या मुलाने नाव विचारलं, टॅबमध्ये पाहिलं आणि उजळून म्हणाला, "अरे वा सर, ती युनिक ऑर्डर तुमचीच का?" मी म्हटलं, रद्द करायची आहे. त्याचा चेहरा असा पडला की मलाच त्याला पाणी विचारावंसं वाटलं. "सर, पण तुमचा नंबर जाईल." कशातला नंबर? "रांगेतला." त्याच्या वयाच्या मुलाने चेतकचा नंबर कधी पाहिला नसणार, पण संस्कार पोचला होता.

त्याने मला टीम लीडर मॅडमकडे नेलं. त्यांनी आधी चहा सांगितला. बुकिंग करताना कॉफी मिळते आणि रद्द करताना चहा, हे सुज्ञांनी लक्षात ठेवावं. मॅडमनी पांढरी दाखवली. मग करडी दाखवली. मग म्हणाल्या, "पांढऱ्यावर निळं रॅपिंग करून देऊ का, सर? आरटीओत रंग बदलल्याची नोंद करावी लागेल, पण ते आपण बघून घेऊ." मी नको म्हटलं. "मॅट फ्री देते." नको. "मग नक्की प्रॉब्लेम काय आहे, सर?" गाडी नाही, हा प्रॉब्लेम आहे, असं मी सांगितलं. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि रद्द करण्याचा फॉर्म काढला.

फॉर्मवर कारणांची यादी होती आणि त्यातल्या एकावर खूण करायची होती. आर्थिक अडचण. कौटुंबिक कारण. बदली. दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. कर्ज नामंजूर. सेवेबद्दल नाराजी. गाडी अस्तित्वात नाही, असं कारण यादीत नव्हतं. मी 'इतर' पुढे तसं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "सर, 'इतर' लिहिलं की सिस्टिम घेत नाही. कौटुंबिक करू या ना." अशा रीतीने कारखान्याने केलेल्या निर्णयाचं खापर आमच्या कुटुंबावर फुटलं. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "बघ, तिथेसुद्धा माझ्याच निळ्यावर आलं."

त्यानंतर कागद. मूळ पावती, पॅन कार्ड, आधार कार्ड, आणि पैसे ज्या खात्यात हवेत त्या खात्याचा रद्द केलेला चेक. रद्द करण्याचं काम रद्द करून आणलेल्या चेकशिवाय होत नाही. मग जीएमची सही. जीएम मीटिंगमध्ये. त्यांची मीटिंग संपली तेव्हा अकाउंट्सचे लोक जेवायला गेलेले. अकाउंट्स दुसऱ्या शाखेत, आणि त्या शाखेत 'मंथ एंड' चालू. पैसे किती दिवसांत मिळतील, यावर उत्तर आलं, "वर्किंग डेजमध्ये." त्यात नवरात्र, दसरा, दिवाळी आणि ऑडिट धरायचं नाही, हे नंतर कळलं.

ज्या दिवशी सह्या पूर्ण झाल्या त्याच दिवसापासून फोन सुरू झाले. एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या सेवेला दहापैकी किती?" दुसरीने विचारलं, "सर, नवीन गाडीचा विमा काढायचा आहे ना?" तिसऱ्या फोनवरचा आवाज आनंदाने फुटत होता. "सर, तुमच्यासाठी एक गाडी अलॉट झालीय!" कोणती? "पांढरी."

शोरूमपेक्षा अवघड प्रकार घरचा. बुकिंग रद्द केलं हे आपल्याकडे चारचौघांत सांगता येत नाही. "रद्द? का हो? सगळं ठीक आहे ना?" सोसायटीच्या जिन्यात ही विचारपूस फार मृदू आवाजात होते. मी कारण सांगायला गेलो की समोरचा मान डोलावतो, पण नजर सांगते की याचे पैसे कुठेतरी अडकलेत. मेहुण्यांनी तर बेरीज नऊ येणाऱ्या नंबरचं पुढे काय, हेच विचारलं. वरच्या मजल्यावरच्या काकांना सगळ्यात जास्त वाईट वाटलं. काकांनी आपली चेतक इतकी वर्षं वाट बघून मिळवली होती की घरात त्यांच्या थोरल्या मुलाचा जन्म 'नंबर लावला त्या सालचा' आणि धाकट्याचा 'गाडी आली त्या सालचा' असा सांगतात. ते म्हणाले, "अरे, पहिला नंबर कुणी सोडतं का? विकायचा होतास." मी म्हटलं, काका, आता बुकिंग दुसऱ्याच्या नावावर होत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. "मग घेतोस कशाला?"

हा प्रश्न मला आजवर कुणा अर्थतज्ज्ञानेही विचारलेला नाही. चेतकच्या काळात बुकिंगच्या पावतीत काहीतरी मोलाचं होतं, म्हणून माणसं ती सोडत नव्हती. आजच्या पावतीत फक्त आपले पैसे असतात. तरी आपण त्याच भक्तिभावाने ती धरून बसतो आणि शोरूमवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. 'पैसे जातील' म्हटलं तर आपण भांडू. 'नंबर जाईल' म्हटलं की आपण परत खुर्चीत बसतो.

शेवटी पैसे आले, पण कापून. 'कॅन्सलेशन चार्जेस' म्हणून एक रक्कम वजा होती. मी फोन केला तेव्हा सगळे मीटिंगमध्ये होते. मग मी ईमेल लिहिला. ईमेलमध्ये फक्त एवढंच लिहिलं की जी गाडी तुम्ही देऊ शकत नाही ती न घेतल्याबद्दल मी दंड का भरायचा, हे लेखी कळवावं. प्रत कंपनीच्या ग्राहक कक्षाला लावली. ज्या जीएमना मी कधी पाहिलं नव्हतं त्यांचा स्वतःहून फोन आला. "सर, तुम्ही आधी मला भेटायचं ना!" त्यांच्या आवाजातला दुखावलेपणा खरा वाटला. कापलेली रक्कम जमा झाली. तोंडी बोलणाऱ्या माणसाला या व्यवसायात चहा मिळतो आणि लिहिणाऱ्याला पैसे.

कायदाही अगदीच ग्राहकाच्या विरुद्ध नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला, त्यात 'अन्याय्य करार' असा प्रकार स्वतंत्रपणे सांगितला आहे. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार त्यात बसतो. म्हणजे राखाडी शाईत छापलं आणि आपण पेन्सिलीच्या फुलीवर सही केली, एवढ्याने ते वाक्य वेदवाक्य होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. हा एक नंबर असा आहे की तो लावण्यासाठी रांग लावावी लागत नाही, निदान मला लागली नाही. तिथेही भागलं नाही तर सेवेतल्या त्रुटीच्या तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे; करारच अन्याय्य आहे अशी तक्रार मात्र राज्य आयोगाकडे न्यावी लागते. जिल्हा आयोगात दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

एक गोष्ट मात्र कायद्यापेक्षा घड्याळावर अवलंबून आहे. गाडीचं इनव्हॉइस तुमच्या नावाने बनण्याआधी माघार घेतली तर प्रश्न फक्त आगाऊ रकमेचा असतो. एकदा इनव्हॉइस बनलं, विमा निघाला आणि आरटीओचा कर भरला गेला की गाडी यार्डात उभी असली तरी कागदावर ती तुमची झालेली असते. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंतसुद्धा ११ टक्के एकरकमी कर आहे. तो एकदा सरकारच्या तिजोरीत गेला की परत आणण्याचा प्रयत्न निवृत्तीनंतरच्या काळासाठी राखून ठेवावा. म्हणूनच माघार घेतो असं म्हटलं की काही शोरूमवाले 'दोनच दिवस थांबा, सर' म्हणतात. त्या दोन दिवसांत ते काय बनवतात ते आता तुम्हाला कळलं असेल.

एवढं सगळं झालं तरी टायवाल्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना महिन्याचं टार्गेट असतं आणि रद्द झालेलं बुकिंग त्यांच्या नावावर चढतं. त्या बिचाऱ्यांनी निळी बंद केलेली नाही. राग काढायचा असेल तर राखाडी शाईवर काढावा, आणि तोही सही करण्यापूर्वी.

तेव्हा गाडी बुक करायला जाणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. फॉर्म हातात आला की आधी उलटा करा आणि मागची बाजू वाचा. लागलं तर भिंग न्या, शोरूममध्ये खुर्च्या आरामाच्या असतात. रद्द केल्यास किती रक्कम कापणार, हे आकड्यात लिहून घ्या आणि त्यावर त्यांची सही घ्या, पेन्सिलीची फुली आता तुम्ही मारा. कंपनीनेच रंग किंवा व्हेरिएंट बंद केला तर पूर्ण पैसे परत, हे वाक्य तुमच्या हाताने फॉर्मवर लिहा. रद्द करायचं ठरलं की फोन करू नका, ईमेल करा. आणि कितीही आग्रह झाला तरी पैसे खात्यात जमा होईपर्यंत मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका, छायांकित प्रत द्या.